टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर), आठ महिन्यांनंतर: आवाज झकास, बिजागरी भिकार

परवा झाकणाची डावी बिजागरी तुटली, म्हणून लिहायला बसलोय. बेल्ट, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), मोटर याबद्दल आधीच्या परीक्षणात लिहिलंच आहे. साडेबारा हजारांचं यंत्र आणि बिजागरी प्लास्टिकची! सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "साहेब, झाकण वॉरंटीत येत नाही." सुटी बिजागरी मिळत नाही, अख्खं झाकण घ्या: २,८०० रुपये, वर कुरियर.

योगायोग बघा, तेव्हा लावली होती जमैकाच्या रेगे संगीताचा गायक बॉब मार्ली आणि त्याच्या वेलर्स बँडची १९७३ ची रेकॉर्ड, 'कॅच अ फायर'. तिचं पहिलं कव्हरही बिजागरीचंच, लायटरसारखं वरून उघडणारं. हाताने जोडावं लागायचं, म्हणून २०,००० प्रतींनंतर साधं कव्हर आलं. बिजागरी तिथेही महागात पडली म्हणायची.

आता कबुली. दुसऱ्या महिन्यातल्या त्या परीक्षणात 'आवाज फार गुळगुळीत' म्हणून मी एक स्टार कापला होता. रेगेचा खरखरीतपणा यंत्रच खातंय असं वाटायचं; नवं कार्ट्रिज घ्यायलाही निघालो होतो. मग याच अल्बमच्या २००१ च्या आवृत्तीतलं मूळ जमैकन मिक्स (आवाज-वाद्यांची मूळ जुळवणी) ऐकलं आणि गप्प बसलो. गाणी रेकॉर्ड झाली जमैकात किंग्स्टनला, डायनॅमिक, हॅरी जे आणि रँडीज या स्टुडिओंमध्ये. पण टेप लंडनला गेल्या आणि रॉकच्या गिऱ्हाइकांना रुचावं म्हणून रेकॉर्ड कंपनीचा मालक ख्रिस ब्लॅकवेलने वर वेन पर्किन्सची गिटार, रॅबिट बंड्रिकचे कीबोर्ड चढवले. 'काँक्रीट जंगल'मधला तो गिटारचा तुकडा मूळ मिक्समध्ये नाहीच! दोन गाणी तर गाळलीच. म्हणजे गुळगुळीतपणा लंडनचा. यंत्र निर्दोष, स्टार परत.

मार्लीची त्याआधीची, किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवरच्या, निर्माता कॉक्सन डॉडच्या स्टुडिओ वनमधली गाणी लावा, म्हणजे यंत्राची खरी किंमत कळेल. गाणारे-वाजवणारे एकाच खोलीत दाटीने उभे आहेत असं वाटतं. रेगेचा निर्माता ली पेरीने तर १९७३ मध्ये घराच्या मागच्या अंगणात ब्लॅक आर्क हा स्टुडिओ उभारला. चार ट्रॅकच्या टेप रेकॉर्डरवर त्या माणसाने केवढा दाट आवाज काढला, आणि या कंपनीला एक बिजागरी जमत नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून ३० रुपयांची पितळी बिजागरी आणली. भोक पाडताना झाकणाला तडा गेला (ती चूक माझी). झाकण आता माळ्यावर, यंत्रावर जुना पंचा. पाचपैकी तीन. २,८०० मात्र देणार नाही.