चार्जर लावला की स्क्रीन ठीक, तरीही स्क्रीन बदलायला लावली: माझे १२,८०० रुपये गेले

लिहायला लाज वाटतेय, पण राग त्याहून मोठा आहे.

मी घरून लहान दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते. पुण्यातला गुरुवार, वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि स्क्रीनचं बिनसलं. पांढरी एक्सेल शीट उघडली की उजेड वाढायचा, गडद विंडो आली की मंदावायचा, मध्येच लुकलुकायचा. चार्जर लावला की सगळं शांत. २० तारखेच्या आत ३बी (जीएसटीचे महिन्याचे रिटर्न) भरायचे होते, हातात तीन दिवस. अशा वेळी माणूस दुकानातच पळतो.

तपासणीचे ५०० त्यांनी आधीच घेतले. दहा मिनिटांत निदान: "मॅडम, पॅनल गेलंय. आज लुकलुकतंय, उद्या काळं पडेल." ७,८०० रुपये.

तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने काउंटरवर चार्जर जोडला, स्क्रीन शांत. काढला, लुकलुक. पुन्हा जोडला, शांत. मी समोर उभी होते! पॅनल तेच, केबल तीच, मग चार्जर लावल्यावर गेलेलं पॅनल बरं कसं होतं? प्रश्न ओठांवर आला होता. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती, आपल्याला यातलं काय कळतं असं वाटलं आणि मी गप्प बसले.

नवी स्क्रीन त्याने चार्जर लावूनच दाखवली. घरी बॅटरीवर पुन्हा तेच. परत गेले तर "मग बोर्डाचा पॉवर सेक्शन", आणखी ४,५००. या वेळी मात्र थांबलं. बिल मागितलं तर "वर १८ टक्के लागतील". दिवसभर लोकांकडे बिलं मागणारी मी, त्या दिवशी बिलाशिवाय यूपीआय करून आले. घाई होती, दुसरं काय सांगू.

महिन्याभरात ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) अपडेट झाला आणि लुकलुक परत आली. भाच्याने फोनवर दोन मिनिटांत सांगितलं: लॅपटॉपवरचं 'इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर' ॲप उघड, त्यात सिस्टिम, पॉवर, बॅटरीच्या भागात 'डिस्प्ले पॉवर सेव्हिंग्ज' बंद कर. केलं. संपलं. बॅटरी वाचवायला ते सॉफ्टवेअर चित्र पाहून उजेड कमी-जास्त करतं, इतकंच. म्हणजे साडेचार हजारांत त्याने तेच बटण बंद केलं असणार, बोर्डाला हातही लावला नसेल. आणि बसवलेली स्क्रीन जुनीपेक्षा हलक्या दर्जाची. जरा बाजूने पाहिलं की रंग उडतात. जुनी मागितली तर "भंगारात गेली".

लॅपटॉपमध्ये इंटेलऐवजी एएमडीची चिप असेल तर तिच्या सेटिंगमध्ये 'व्हॅरी-ब्राइट' बघा. विंडोज ११ मध्येही ब्राइटनेसच्या सेटिंगखाली असाच पर्याय असतो. चार्जर काढून बायोस (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा) उघडा. तिथे स्क्रीन स्थिर असेल तर पॅनलला पैसे देऊ नका. झाकण हलवल्यावर फरक पडला तर केबल बघायला सांगा.

चौकीत तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा "काम केलंय ना त्याने? पैसे तुम्हीच दिलेत". तिसऱ्यांदा "बिल कुठंय, हे दिवाणी प्रकरण". साधा अर्जही घेतला नाही. रांगेत दीड तास उभं राहून हे ऐकायचं? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तर बाहेर उघडलेला लॅपटॉप म्हणून हातच झटकले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, यातलं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही! स्वतः शोधलं.

काढलेला भाग तिथेच ताब्यात घ्या. पॅनलच्या मागच्या स्टिकरचा फोटो आधी काढायला लावा. बिल नाही तर पैसे नाहीत.

माझ्याकडे यूपीआयच्या तीन नोंदी आणि त्याचा "पॅनल गेलंय" हा व्हॉट्सॲप मेसेज आहे. त्यांच्या प्रिंट काढल्यात, सोमवारी तक्रार दाखल करतेय.