आधी माडगूळकर की आधी जी.ए.?

"साध्या माणसांच्या गोष्टी वाचायच्यात, मारामाऱ्या नकोत, रहस्य नको, कुठून सुरू करू?" असं कुणी विचारलं की माझ्यापुढे दोनच नावं येतात, व्यंकटेश माडगूळकर आणि जी. ए. कुलकर्णी. दोघंही मोठे आहेत हे सांगून तुमचा काहीच उपयोग नाही, तुम्हाला आत्ता एकच पुस्तक घ्यायचंय, म्हणून दोघांत फरक काय ते सांगते.

माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ चं, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. सांगली, सातारा, सोलापूर जिथे एकमेकांना लागतात तो दुष्काळी पट्टा म्हणजे माणदेश, आणि ते स्वतः आटपाडीजवळच्या माडगूळचे. एक माणूस, एक कथा, पानं थोडी, वाक्यं छोटी. 'धर्मा रामोशी'च बघा. म्हाताऱ्या धर्माला गोष्ट सांगणाऱ्या मुलाच्या घरून एक जुनं धोतर दिलं जातं, पण तो आपला चिंध्यांतच, आणि मग ते धोतर त्याच्या लेकीच्या अंगावर दिसतं, कारण तिच्याकडे नेसायला काही नव्हतं. बस, एवढंच. गरिबीवर एक शब्द भाष्य नाही. मी शाळेत असताना हे वाचलं होतं आणि आजही बोहारणीला कपडे देताना आठवतं.

पण एक आहे, हे सगळं सांगणारा मुलगा झोपडीच्या बाहेर उभा असतो. त्याला माया आहे, नजर तर फारच तीक्ष्ण आहे, तरी तो आत राहत नाही. ज्यांना आतून ऐकायचंय त्यांनी दलित लेखक बाबूराव बागूलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' घ्यावं, १९६३ चं, तिथे आवाज शांत नाहीये आणि तो शांत असायचं कारणही नाही.

जी.ए. म्हणजे वेगळंच प्रकरण. धारवाडला इंग्रजी शिकवायचे, लोकांत फारसे मिसळायचे नाहीत. माडगूळकरांचा माणूस कितीही फाटका असला तरी गावाला तो माहीत असतो, कुणीतरी त्याला नावाने हाक मारतं. जी.एं.चा माणूस भरल्या घरात एकटा. 'कैरी'मध्ये एक पोरकं मूल तानीमावशीकडे राहायला येतं, मावशी त्याला जीव लावते, पण तिच्या स्वतःच्या संसारात तिलाच जीव लावणारं कुणी नाही. मुलाला हे दिसतं सगळं, कळतं अर्धंच, आणि उरलेलं अर्धं आपल्याला कळतं तेव्हा घशाशी येतं. (अमोल पालेकरांनी यावर सिनेमा केलाय, पण आधी कथा वाचा प्लीज.)

इथे बऱ्याच जणांचं चुकतं ते म्हणजे 'काजळमाया'ने सुरुवात करणं. साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक, मग तेच मागवतात. त्यात रूपककथा आहेत, भाषा दाट आहे, आणि रोजची माणसं शोधणारा वाचक पंचवीस पानांत पुस्तक ठेवून देतो. 'निळासावळा', 'पारवा', 'हिरवे रावे' ही १९५९ ते ६२ मधली पुस्तकं आधी घ्या. 'कैरी' मात्र 'पिंगळावेळ' या नंतरच्या कथासंग्रहात आहे.

माझ्या आत्याला काका गेल्यावर मी जी.ए. नेऊन दिले होते, मला वाटलं दुःखाला दुःख कळेल. महिनाभराने गेले तर पुस्तक देव्हाऱ्याशेजारी तसंच, बुकमार्क बाराव्या पानावर. म्हणाली, "अगं, रात्री घरात मी एकटीच, त्यात हे वाचवत नाही." मग 'माणदेशी माणसं' दिलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला फोन, ती मला धर्माबद्दल असं सांगत होती जसं शेजारच्या वाड्यातलं सांगावं. तेव्हापासून मी कुणाला काहीही सुचवायच्या आधी विचारते की सध्या घरी कोण कोण आहे. जे आधीच एकटे आहेत त्यांना सोबत लागते, ती माडगूळकरांकडे मिळते. ज्यांच्या घरात माणसं भरपूर आहेत पण आतलं कुणाला सांगता येत नाही, त्यांना जी.ए. जास्त कळतात असं मला वाटतं.

आणि शहरच हवं असेल, लोकल, चाळ, बंद पडलेली गिरणी, तर जयंत पवारांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' घ्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात जे मागे राहिले त्यांचं जग त्यात आहे. सरळ वास्तव नाही ते, मध्येच गोष्ट भलतीकडे जाते, पण माणसं अस्सल.

रात्री अर्धा तासच मिळत असेल तर माडगूळकर, दोन माणसं सहज वाचून होतात. जी.ए. रविवारी दुपारी. आणि 'कैरी' संपली की लगेच पुढची कथा उघडू नका, मी उघडली होती आणि त्या दुसऱ्या कथेतलं आज मला अक्षर आठवत नाही.