मिरचीचं 'व्हायरस रेझिस्टंट' बियाणं: एका जीनवालं घ्यावं की टॉलरन्सवालं?

दुकानात पाकीट हातात देताना "ही व्हायरसला चालते" एवढंच सांगतात आणि आपण घेऊनही टाकतो. पण मिरचीवर येणारे व्हायरस काही एक-दोन नाहीत, आणि झाड प्रत्येकाशी वेगळ्या पद्धतीने लढतं. दिंडोरी-निफाडकडे शेडनेटमध्ये शिमला लावणाऱ्याला जो जीन लागतो तो येवल्याच्या उघड्या रानात तिखट मिरची लावणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही, त्याचे जादा पैसे फुकटच जातात. म्हणून व्हायरस अडवणारं बियाणं आणि व्हायरस आत असूनही तग धरणारं, म्हणजे टॉलरन्सवालं, यांची ही तुलना.

आधी एका जीनवालं बघू. शिमलाच्या पाकिटावर टीएम आणि पुढे 0, 0-2, 0-3 असे आकडे असतात ना, तो एल नावाचा जीन, मिरचीच्या 11 नंबरच्या क्रोमोसोमवर बसलेला. तंबाखू मोझॅक व्हायरस आणि त्याची भावकी, म्हणजे टोबॅमो गट, यांच्यासाठी. त्याची मुख्य चार रूपं: एल1 आपल्या नेहमीच्या मिरचीतलाच, एल2 टबॅस्को मिरचीच्या जातीतून आणलेला, एल3 हाबानेरोच्या जातीतून आणि एल4 चाकोएन्स नावाच्या जंगली मिरचीतून. काम असं चालतं की व्हायरसच्या बाहेरच्या कवचाचं प्रोटीन हा जीन ओळखतो, आणि ओळखलं की झाड तिथल्या पेशी स्वतःच मारून टाकतं, पानावर टाचणीच्या डोक्याएवढा करपट ठिपका पडतो, कधी ते पानच गळतं, पण व्हायरस तिथेच अडकतो, शेंड्याकडे सरकत नाही. ज्याला ही गोष्ट माहीत नाही तो ठिपका बघून बुरशीनाशक मारतो.

आता आकडे. नुसतं 0 म्हणजे एल1, आणि तो शिमलावरच्या माइल्ड मॉटल व्हायरसला अजिबात थांबवत नाही. हा व्हायरस फसवा आहे, पानं जवळजवळ बरी दिसतात आणि फळ मात्र खडबडीत, बारकं, डागाळलेलं निघतं, म्हणजे मार्केटमध्ये प्रतवारी करताना कळतं. त्याच्यासाठी 0-2 म्हणजे एल3 किंवा 0-3 म्हणजे एल4 पाहिजे. एल4 तरी कायमचा आहे का, तर नाही, जपानमध्ये त्यालाही चुकवणारा माइल्ड मॉटल सापडला, कवचाच्या प्रोटीनमध्ये एक-दोन अमिनो आम्लं बदलली की जीनला ओळख पटत नाही, बस. एका जीनच्या रेझिस्टन्सची हीच दुखरी नस आहे. टोमॅटोवाल्यांनी तर लक्षातच ठेवावं, त्यांचा टीएम-2 स्क्वेअर नावाचा जीन कित्येक वर्षं टिकला आणि 2015 मध्ये जॉर्डनच्या ग्रीनहाऊसमध्ये ब्राऊन रुगोज नावाचा नवा व्हायरस त्याला ओलांडून गेला.

दुसरी अडचण उन्हाची. अशा जीनपैकी बरेचसे गरमीत सैल पडतात. पाकिटावर टीएसडब्ल्यूव्ही (टोमॅटो स्पॉटेड विल्ट व्हायरस) असं लिहिलेलं असतं तो टीएसडब्ल्यू जीन, 10 नंबरच्या क्रोमोसोमवर, तोही हाबानेरोच्याच जातीतला, थ्रिप्समधून येणाऱ्या स्पॉटेड विल्टसाठी. सतत 32 अंशाच्या आसपास तापमान राहिलं तर त्याची पकड सुटते, आणि रोप कोवळं असेल तर जास्तच. एप्रिलमध्ये नाशिकला बाहेरच 38-40 जातं, जाळीच्या आत काय असेल विचार करा. एलच्या काही रूपांचंही 30 च्या वर असंच होतं. म्हणजे पाकिटावरचा शब्द खोटा नसतो, पण तो थंड हवेत खरा असतो.

आणि या टीएसडब्ल्यूसाठी जादा पैसे मोजायचे का? माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडे नाही. भारतात मिरचीवर थ्रिप्समधून जास्त करून येतात ते भुईमुगाचा बड नेक्रोसिस आणि कॅप्सिकम क्लोरोसिस. हे स्पॉटेड विल्टचे भाऊबंद, पण हा जीन त्यांना धरत नाही. शेंडा करपला, पानावर गोल वलयं आली आणि पाकिटावर टीएसडब्ल्यूव्ही छापलेलं होतं, म्हणून बियाणं बोगस असं लगेच म्हणायचं कारण नाही.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते, जरा उलटी आहे म्हणून. इथे झाड लढतच नाही, व्हायरसला लागणारी वस्तू देत नाही. माव्यातून येणारा पोटॅटो व्हायरस वाय आणि त्याच्या गटातल्या व्हायरसना स्वतःचं प्रोटीन बनवायला झाडाच्याच ईआयएफ4ई नावाच्या प्रोटीनला धरावं लागतं, आणि पीव्हीआर2 जीनमध्ये ते प्रोटीन किंचित बदललेलं असतं, झाडाचं काम चालतं पण व्हायरसची पकड बसत नाही. ना ठिपका ना करपा. फक्त हा जीन रिसेसिव्ह आहे, दोन्ही बाजूंनी आला तरच उपयोग, त्यामुळे हायब्रीड बनवताना नर-मादी दोन्ही वाणांत घालावा लागतो आणि कंपनीची मेहनत वाढते. एलचं तसं नाही, एका बाजूने आला तरी पुरतो.

यातून घरचं बी धरणाऱ्यांसाठी एक हिशोब निघतो. हायब्रीडमध्ये एल एकाच बाजूने आलेला असेल तर त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावल्यावर साधारण चारातलं एक रोप बिनसंरक्षणाचं निघणार. टोबॅमो गटाचा व्हायरस हाताने, कात्रीने, सुतळीने पसरतो, त्यामुळे ते एक रोप आजारी पडलं की ट्रेमध्ये हात फिरवणारा माणूसच व्हायरस सगळीकडे नेतो. पीव्हीआर2 मात्र हायब्रीडमध्ये दोन्हीकडून असल्याने बी धरलं तरी तो राहतो, बाकी फळाचा आकार-तिखटपणा विस्कटतो ते वेगळं.

तिसरी पद्धत म्हणजे थोडं थोडं योगदान देणारे अनेक जीन. पेरेनियल नावाची आपल्या पंजाबातली बारक्या फळाची मिरची आहे, काकडी मोझॅक व्हायरसला बऱ्यापैकी तग धरते म्हणून तिकडच्या ब्रीडरांनी ती खूप वापरली. फ्रान्सच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की पीव्हीआर2 चं एक रूप साध्या वाणात टाकलं तर व्हायरस त्याला मोडून काढतो, पण तेच रूप पेरेनियलच्या अशा छोट्या जीनांच्या सोबत असलं तर फार चांगलं टिकतं. म्हणजे एका जीनची दुखरी नस ही तिसरी पद्धत झाकते, पण ही गोष्ट पाकिटावर आकड्यात छापता येत नाही, शेतात बघूनच कळते.

तिखट मिरचीत आपला खरा वैरी आहे बोकड्या, चुरडा-मुरडा, पांढऱ्या माशीतून येणारा लीफ कर्ल. त्याच्यावर वरच्या एल, टीएसडब्ल्यू, पीव्हीआर2 यांपैकी एकही चालत नाही, कारण हा डीएनएवाला वेगळाच व्हायरस आहे, आणि तोही एकटा नसतो, दोन-तीन प्रकार एकत्र आणि वर त्यांचे सॅटेलाइट, म्हणजे व्हायरसच्या आधाराने वाढणारे डीएनएचे छोटे तुकडे. जपानच्या संशोधकांनी अलीकडे पेपी-1 आणि पेपी-2 असे दोन जीन शोधलेत, पेपी-2 तर टोमॅटोच्या टीवाय-1 च्याच नात्यातला. बंगळुरूच्या आयआयएचआर या फळ-भाजी संशोधन संस्थेने लीफ कर्ल सहन करणारी अर्का तेजस्वी, अर्का तन्वी अशी हायब्रीड काढलीत, उघड्या रानासाठी मी आधी अशीच व्हरायटी बघेन.

पण सहन करणारी म्हणजे व्हायरसमुक्त नाही हे डोक्यात पक्कं असू द्या. झाड हिरवं दिसतं, फळ देतं, आत मात्र व्हायरस वाढत असू शकतो आणि माशी तो घेऊन बांधापलीकडे जाते. आपल्याकडे मिरचीला लागून टोमॅटो असतोच, आणि टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली दोन्ही पिकांवर जगतो, त्यामुळे तुमची टॉलरंट मिरची शेजाऱ्याच्या साध्या टोमॅटोला भोवू शकते.

आणि बियाणं बदलण्याआधी पान उलटून बघा राव. पानाच्या कडा खाली वळून उलट्या होडीसारख्या झाल्या आणि देठ लांबला तर तो कोळी नावाची कीड, त्याला कुठलाही जीन चालणार नाही. कडा वर वळल्या आणि पान खरवडल्यासारखं चंदेरी दिसलं तर थ्रिप्स. पानं बारीक, शिरा पिवळट, शेंड्याला झुबका आणि झाड खुंटलेलं, तर लीफ कर्ल धरायला हरकत नाही.

तर शेडनेट शिमलासाठी मी टीएम 0-2 किंवा 0-3 वालं घेईन, लागवड अशी धरेन की कोवळं रोप एप्रिल-मेच्या तडाख्यात सापडणार नाही, आणि छाटणी-तोडणी करणाऱ्यांना रोज हात आणि कात्री धुवायला लावेन. उघड्या रानातल्या तिखट मिरचीला लीफ कर्ल टॉलरंट व्हरायटी, कडेने मक्याच्या दोन ओळी, आणि नर्सरीवाल्याला पाकिटाच्या आधी एकच प्रश्न: रोपं बारीक जाळीत वाढवलीत का, कारण ट्रेमध्येच पांढरी माशी बसून गेली असेल तर टॉलरंट झाडसुद्धा सुरुवातीपासूनच मागे पडतं.