पुशरॉड, कार्बन ट्यूब की केबल? मॉडेल विमानाचं लिंकेज निवडताना

सर्व्हो, म्हणजे विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर, निवडताना आपण टॉर्कचे, म्हणजे तिच्या फिरवण्याच्या जोराचे आकडे पुन्हापुन्हा तपासतो. मग तोच सर्व्हो एलेव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीला) जोडताना किटच्या पिशवीत जी तार निघेल ती लावून मोकळे होतो. माझं एक विमान या सवयीपायी गेलं. जमिनीवर एलेव्हेटर व्यवस्थित हलत होता. डाइव्हमधून बाहेर काढायला स्टिक मागे घेतली, तर नाक उठलंच नाही. ढिगाऱ्यात सर्व्हो चालू सापडला, क्लेव्हिस (तारेच्या टोकाचे चिमटे) जागेवर होते, तारही अखंड होती. दोष कळला तो नंतर, तशीच तार टेबलावर बसवून एलेव्हेटर बोटांनी धरून ठेवला तेव्हा. सर्व्हो फिरला, तार धनुष्यासारखी वाकली आणि एलेव्हेटर जागचा हलला नाही.

म्हणून लिंकेज, म्हणजे सर्व्होपासून हलत्या भागापर्यंतची जोडणी, निवडताना ते ओढताना तुटेल का, हे नंतर पाहा. आधी ते ढकलताना वाकेल का, ते पाहा. ओढताना साधी २ मिमीची पोलादी तारही आपल्या कोणत्याही सर्व्होला पुरून उरते. ढकलताना गणित बदलतं: लांबी दुप्पट झाली की वाकण्याआधी झेपणारा जोर चौथाईवर येतो, आणि जाडी दुप्पट केली तर तो सोळापट होतो. दोन्ही टोकांना जोडलेली आणि मध्ये कुठेही आधार नसलेली २ मिमीची सरळ तार घेतली, तर १५० मिमी लांबीला ती सुमारे ७ किलो जोर सोसते, ३०० मिमीला पावणेदोन किलो आणि ६०० मिमीला अर्धा किलोही नाही. आता ३ किलो-सेंमीचा सर्व्हो १२ मिमीच्या आर्मवर (सर्व्होच्या फिरत्या दांडीवर) अडीच किलोने ढकलतो. म्हणजे ३०० मिमीवरच तार सर्व्होच्या आधी हार मानते.

एलेरॉनचा (विमान कलवणाऱ्या, पंखावरच्या पट्टीचा) सर्व्हो पंखातच असतो आणि तार जेमतेम चार बोटांची, तिथे पोलादी तारेला तोड नाही. स्वस्त, सोपी, खात्रीची. लांब फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) मात्र कार्बन ट्यूब घ्या. बाहेरून ६ आणि आतून ४ मिमीच्या ट्यूबचं वजन २ मिमीच्या भरीव पोलादी तारेइतकंच भरतं, मीटरला साधारण २५ ग्रॅम. पण वाकण्याला तिचा विरोध सुमारे तीसपट असतो. वजन तेवढंच ठेवून एवढा फायदा या छंदात दुसरीकडे क्वचितच मिळतो. ट्यूबची कमकुवत जागा म्हणजे तिची टोकं. आत बसवलेला आट्यांचा तुकडा गुळगुळीत असेल तर तो गोंदातून सुटून येतो, आणि जोर आला की ट्यूब उभी चिरते. तुकडा पॉलिश पेपरने खरवडा, इपॉक्सीनेच चिकटवा आणि ट्यूबच्या तोंडावर बाहेरून दोरा घट्ट गुंडाळून त्यावरही इपॉक्सी लावा.

नळीत नळी असलेला नायलॉनचा पुशरॉड (ढकल-ओढ करणारी दांडी) वळणावळणाने नेता येतो, हे त्याचं खरं बलस्थान. बाहेरची नळी दर १०-१५ सेंमीवर पक्की बांधली तर तो वाकतही नाही. अडचण उन्हाची आहे. तापमान २० अंशांनी वाढलं तर ६०० मिमी नायलॉन साधारण १ मिमीने लांबतं, आणि लाकडी फ्यूजलाज जवळजवळ तेवढंच राहतं. १५ मिमीच्या हॉर्नवर (हलत्या पट्टीवर बसवलेल्या, तार जोडायच्या उभ्या तुकड्यावर) १ मिमी म्हणजे जवळपास ४ अंश. सकाळी लावलेला ट्रिम (सरळ उडण्यासाठी जुळवलेली स्थिती) दुपारी बिघडतो तो असा. थ्रॉटलला (इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या झडपेला) हा पुशरॉड चालेल, एलेव्हेटरला मी लावत नाही.

रडरसाठी (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पट्टीसाठी) पुल-पुल केबल, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक केबल, मला मनापासून आवडते. दोन्ही बाजूंना फक्त ओढायचंच काम, त्यामुळे वाकण्याचा प्रश्नच उरत नाही आणि शेपटीकडचं वजन वाचतं. मात्र मेहनत मागते. हॉर्नची भोकं बिजागरीच्या रेषेवर हवीत, नाहीतर रडर वळताना एक केबल सैल पडते आणि दुसरी तणावते. ताण बेताचाच ठेवा. वीणेच्या तारेसारखी ओढलीत तर सर्व्होच्या बेअरिंगवर सतत भार राहतो. नवी केबल पहिल्या काही उड्डाणांत थोडी सैलावते, तेव्हा पुन्हा जुळवा. क्रिम्पच्या नळीतून (दाबून केबल पकडणाऱ्या धातूच्या नळीतून) केबल दोनदाच नाही, तिसऱ्यांदा वळवून घाला आणि मगच दाबा. एक केबल सुटली तर रडर एकाच बाजूला ओढता येतो, हे लक्षात ठेवून ही मेहनत घ्या.

टोकाच्या जोडांत झेड-बेंड (तारेच्या टोकाला दिलेला Z आकाराचा वाक) सर्वांत भरवशाचा: सर्व्हो आर्म काढल्याशिवाय तो निघतच नाही. भोक झिजलं की खेळ, म्हणजे जोडातली ढिलाई, वाढतो, तेव्हा आर्म बदला. तार गरम करून वाकवू नका, तिचा कणखरपणा जातो. नायलॉन क्लेव्हिस लहान विमानांना ठीक, पण जबड्यांवर इंधननळीचा छोटा तुकडा चढवाच. धातूच्या क्लेव्हिसमध्ये आटे पुरेसे आत गेलेत का ते पाहा आणि लॉकनट लावा. दोन-तीन आट्यांवर लटकलेला क्लेव्हिस कंपनांनी कधीतरी सुटणारच. बॉल लिंकमध्ये (गोळी आणि वाटीच्या जोडात) खेळ सर्वांत कमी, म्हणून वेगवान विमानात मी तीच घेतो. तिची प्लॅस्टिकची वाटी गोळीवरून निसटू शकते, त्यामुळे आरपार स्क्रू आणि बाहेरून मोठा वॉशर हवा. बाजूच्या स्क्रूने तार धरणारा कनेक्टर एलेव्हेटरवर लावूच नका. तारेवर कानशीने सपाट जागा करून, थ्रेडलॉक घालून थ्रॉटलला तो चालतो.

खेळाला हलकं घेऊ नका. वेग वाढला की त्या ढिलाईतच फ्लटर (हलत्या पट्टीचं जोरदार थरथरणं) सुरू होतो आणि बिजागऱ्या, हॉर्न, कधी अख्खी शेपटी घेऊन जातो. सर्व्होवर आतलं भोक आणि कंट्रोल सरफेसवर (हलत्या पट्टीवर) हॉर्नचं बाहेरचं भोक वापरलं, तर तेवढाच खेळ सरफेसवर कमी जाणवतो आणि सर्व्होचा जोरही वाढतो. थ्रो (पट्टी हलण्याचा पल्ला) कमी पडत असेल तरच उलट जा.

हॉर्न कुठल्या बाजूला बसवायचं, याचा विचार फार कमी जण करतात. एलेव्हेटरचा हॉर्न खाली असेल तर अप (एलेव्हेटर वर) देताना पुशरॉड ढकलला जातो. वर असेल तर तो ओढला जातो. डाइव्हमधून बाहेर काढताना सर्वांत जास्त जोर अपलाच लागतो, म्हणून तार लांब असेल आणि जागा मिळत असेल तर हॉर्न वर बसवा.

दीड मीटर पंखांच्या विमानासाठी माझी निवड अशी: एलेरॉनला आखूड २ मिमी तार, एलेव्हेटरला कार्बन ट्यूब, रडरला पुल-पुल, थ्रॉटलला नायलॉन. बांधून झालं की रेडिओ चालू करा, फ्यूजलाजचं झाकण उघडं ठेवा, एलेव्हेटर बोटांनी घट्ट धरा आणि कुणाला तरी स्टिक पूर्ण मागे आणि मग पूर्ण पुढे घ्यायला सांगा. काय हलतंय ते आत बघा: तार, हॉर्न, की सर्व्हो बसवलेली पट्टी. जे हलतंय ते आधी बदला आणि पुन्हा धरून बघा.