तिकीट परत घेणारी खिडकी

पाचपैकी चार तारे देतेय, आणि चारही मनापासून. पाचवा का अडवून ठेवलाय ते पुढे येईल.

राजारामपुरीत नाटक आणि गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी जी तिकीट खिडकी चालते, तिच्याबद्दल हे लिहितेय. चालवणारी संस्था कोल्हापुरात नाटक बघणाऱ्यांना माहीत आहे. मला तिची जाहिरात करायची नाही आणि एक तक्रारही करायची आहे, म्हणून नाव घालत नाही. खिडकी दिसायला साधीच. आत एक कॉम्प्युटर, एक छोटा प्रिंटर, भिंतीवर सभागृहाचा प्लॅन चिकटवलेला आणि खुर्चीवर एक तरुण पोरगा. घरबसल्या फोनवरूनही बुकिंग होतं. एका मोबाइल नंबरवर जास्तीत जास्त चार तिकिटं, आणि तिकिटावर घेणाऱ्याचं नाव.

इथवर नवीन काही नाही. नवीन आहे ते हे की ही खिडकी विकलेलं तिकीट परत घेते. प्रयोगाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत कधीही जा, तिकिटामागे दहा रुपये कापून बाकीचे पैसे मिळतात. परत आलेली खुर्ची प्रतीक्षायादीत ज्याचा नंबर पहिला त्याला, छापील किमतीलाच मिळते. एक रुपया जास्त नाही.

एवढ्याशा सोयीचं एवढं कौतुक का, ते सांगते. आमचा लक्ष्मीपुरीत छापखाना आहे. सासऱ्यांनी ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या जुन्या छपाई मशीनवर सुरू केलेला, आता ऑफसेट आणि डिजिटल. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि तिकिटं ही आमची रोजची कामं. नाटकाची, ऑर्केस्ट्राची, कुस्तीच्या मैदानाची तिकिटं या हातांनी मोजून, बुकं बांधून दिलीत. ब्लॅक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गेटबाहेर दबक्या आवाजात भाव सांगणारा माणूस येतो. मी हा धंदा कागदाच्या बाजूने बघितलाय, आणि कागदाच्या बाजूने तो वेगळा दिसतो.

खरं तिकीट ओळखायला फार काही लागत नाही. नंबर पडतो तो नंबरिंग मशीनने. त्यातल्या लोखंडी चाकांवरचे आकडे शाई घेऊन कागदावर दाबले जातात, त्यामुळे तिकीट उलटं करून अंगठा फिरवला की आकड्यांचा उठाव बोटाला लागतो. रंगीत झेरॉक्सची पाठ गुळगुळीत असते. फाडायच्या रेघेचंही तसंच. मशीनवरची भोकं सारख्या अंतरावर, नाकासमोर सरळ जातात. नकली तिकिटावर शिलाई मशीनची बिनदोऱ्याची सुई चालवलेली असते आणि कडेला आली की ती हमखास वाकडी होते. दारावर उभ्या राहणाऱ्या कितीतरी पोरांना मी हे दाखवलंय. पण घंटा झालेली असते, पाचशे माणसं दारात रेटत असतात, तिथे कोण अंगठा फिरवत बसणार?

नकली तिकीट तरी पकडता येतं. खऱ्या छापखान्यातून निघालेलं जादा तिकीट कुणाला पकडता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाचा माणूस आमच्याकडे आला होता. दर ठरला, प्रूफ पास झालं, ॲडव्हान्सही दिला. जाता जाता म्हणाला, "वहिनी, पुढच्या दोन रांगांचं बुक अजून एकदा मारा. नंबर त्येच. पावणे यायचेत." मी नाही म्हणाले. त्याने ॲडव्हान्स परत घेतला आणि जॉब दुसरीकडे नेला. त्या कार्यक्रमाला एकाच खुर्चीची दोन दोन तिकिटं घेऊन लोक भांडत होते, असं नंतर कानावर आलं. पावणे कसले असतात हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. बाहेर उभा असलेला माणूस शेवटचा हात असतो. माल आतून गेलेला असतो.

आता कोल्हापूरचं बघा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं आमच्या गावचं थेटर. ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, जयंती होती. त्या सकाळी थेटराजवळ खासबागेत उभी राहून ढसाढसा रडणारी माणसं मी बघितलीत, त्यावर आणखी लिहवत नाही. पण त्याचा एक परिणाम या विषयात येतोच. गावातली एवढी मोठी जागा गेली, खुर्च्या कमी झाल्या. नाटकाचं वेड मात्र होतं तेवढंच राहिलं. चांगल्या नाटकाचा प्लॅन उघडला की तासाभरात भरायला लागला, आणि जिथे खुर्ची कमी तिथे दलाल आलाच.

मोठ्या शहरांत हाच प्रकार किती थराला जातो ते आमच्या भाचीने अनुभवलं. ती पुण्यात नोकरीला. २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बारा वाजता कोल्डप्ले या इंग्रजी बँडची तिकिटं निघाली, तेव्हा ती ऑफिसच्या मैत्रिणींसोबत फोन धरून बसली होती. कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. (ज्यांचं नाव त्या स्टेडियमला आहे ते आपल्या कोल्हापूरचे, म्हणून आमच्या घरात त्याची जरा जास्तच चर्चा.) तिकीट अडीच हजारापासून पस्तीस हजारापर्यंत. पोरींच्या पुढे रांगेत लाखो माणसं, आणि थोड्याच वेळात सगळं संपलं. तीच तिकिटं मग दुसऱ्या साइटवर लाखाच्या घरात दिसायला लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार गेली, ईडीने छापे घातले, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. कायदा आणि धोरण ठरवणं हे सरकारचं आणि विधिमंडळाचं काम, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

कायदा अगदीच नाही असंही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्यांच्या यादीत तिकिटांची अनधिकृत विक्री आहे, आणि शिक्षा एक ते सात वर्षं. पण त्यासाठी आधी टोळी सिद्ध व्हायला पाहिजे. रेल्वेच्या तिकिटांचा बेकायदा धंदा करणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाटकाच्या किंवा गाण्याच्या तिकिटासाठी देशभर लागू असा स्वतंत्र कायदा नाही. आयर्लंडने २०२१ मध्येच कायदा करून मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकायला बंदी घातली. ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये तशीच बंदी आणणार असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत २०१६ पासून बॉट, म्हणजे आपोआप बुकिंग करणारे प्रोग्राम, वापरून तिकिटं उचलणं बेकायदा आहे, तरी तिथली बोंब काही थांबलेली नाही. मला विचाराल तर आयर्लंडचा रस्ता बरोबर. तिकीट कुणी आणि कशाने उचललं हे शोधत बसण्यापेक्षा ते चढ्या भावाने विकताच येऊ नये.

आणि त्यासाठी राजारामपुरीच्या या खिडकीने कुठल्याही कायद्याची वाट बघितलेली नाही, म्हणून मला तिचं कौतुक. नाव छापलेलं तिकीट बरेच जण काढतात. पण नुसतं नाव छापून परतीची सोय ठेवली नाही तर त्रास सरळ माणसालाच होतो. घरात कुणी आजारी पडलं, मूल तापलं, गाडी चुकली, मग ते तिकीट करायचं काय? पैसे बुडवायचे किंवा गुपचूप कुणाला तरी विकायचं. असा अडलेला माणूसच दलालाचा पहिला गिऱ्हाईक असतो, कमी भावात तिकीट देऊन मोकळा होणारा. परतीची खिडकी उघडी असली की त्याला दलालाकडे जायचं कारणच उरत नाही.

माझा मुलगा गिटार वाजवतो, त्याने मला द क्युअर या इंग्लंडच्या बँडचं सांगितलं. २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी तिकीट दुसऱ्याच्या नावावर करायला बंदी घातली, पण सोबत मूळ किमतीत परत विकायची अधिकृत सोयही दिली. न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडो या राज्यांत मात्र तिथल्या कायद्यामुळे तशी बंदी घालता आली नाही. एवढ्या मोठ्या बँडला तिथे जे जमलं नाही ते इथे चार बाय चारच्या खोलीतून चाललंय.

मी स्वतः वापरून बघितलंय. एका संगीत नाटकाची आमची दोन तिकिटं होती, मधल्या रांगेतली, आणि नेमका त्याच दिवशी नणंदेच्या मुलीचा साखरपुडा ठरला. खिडकीवर गेले. पोरगा म्हणाला, "वहिनी, मेसेज आला असंल, त्यातला नंबर सांगा तेवढा." नंबर सांगितला, तिकिटं त्याने माझ्यासमोर फाडली आणि संध्याकाळी पैसे खात्यात. एका शब्दाने का, कशासाठी विचारलं नाही. तिकीट परत करताना माणसाला उगाच अपराधी वाटतं, ते इथे वाटलं नाही.

माझ्या पुढे एक आजोबा होते, टोपी, धोतर, हातात बटणांचा साधा फोन. त्यांना यादीत नाव घालायचं होतं. मला वाटलं आता यांना ॲप घ्यायला सांगणार. पोराने ड्रॉवरमधून एक लांबडी वही काढली. "आजोबा, मेसेज वाचता येत नसंल तर मी फोन करतो. घरात कोण उचलतंय?" आजोबा म्हणाले, "सून उचलती." वहीत नाव, गाव, सुनेचा नंबर, आणि पुढे "फोन करणे". ती वही आणि कॉम्प्युटरवरची यादी एकच असते, क्रम एकच. हे मी मुद्दाम विचारून घेतलं, कारण दोन याद्या असल्या की मधून माणसं घुसतात.

आणखी एक चांगलं. स्वतःला जमत नसेल आणि घरातल्या कुणाला पाठवायचं असेल तर एकदा नाव बदलून मिळतं, फुकट. सासूच्या तिकिटावर सून जाऊ शकते. फक्त मूळ नंबरवर आलेला मेसेज दाखवावा लागतो.

दारावरची तपासणी सावकाश आहे. एकच मुलगी एका फोनवर स्कॅन करते, म्हणून पाऊण तास आधी पोचा. तिकीट थर्मल कागदावर निघतं, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, काळं पडतं आणि मग नाव वाचता येत नाही. या दोन्ही बारीक गोष्टी, त्यांच्यासाठी मी तारा कापला नसता.

तारा कापलाय तो पासांसाठी. प्लॅन उघडतो तेव्हाच पहिल्या दोन रांगांवर फुली असते, "निमंत्रित" म्हणून. देणगीदार, जाहिरातदार, मान्यवर. त्यांना मान द्यावा, माझी हरकत नाही, त्यांच्या पैशांवर नाटक कोल्हापूरपर्यंत येतं. पण त्या पासावर ना नाव, ना नंबर. जाड आर्ट कार्डावर छापलेला सुंदर सोनेरी पास, आणि तो कुणाच्याही हातात चालतो. चारशे रुपयांच्या खुर्चीचा असा पास गेटबाहेर आठशेला विकला जाताना मी डोळ्यांनी बघितलाय. घेणारी एक शिक्षिका होती, तिची आई सोबत होती, आणि आईला नाटक दाखवायचंच होतं. तिला काय बोलणार?

संस्थेतल्या जबाबदार माणसाशी बोलले. ते म्हणाले, "देणगीदाराला नाव विचारायचं कसं, वाईट दिसतं." मला हे पटत नाही. आमच्यासारख्या चारशे रुपये देणाऱ्याचं नाव छापताना वाईट दिसत नाही, तर पुढच्या रांगेचं का दिसावं? पासावर नाव टाका, नंबर टाका, आणि ज्यांना यायचं नाही त्यांचे पास बारापर्यंत परत घेऊन यादीतल्या लोकांना द्या. नंबर टाकायचं काम आमच्याकडे आलं नाही तरी चालेल, दुसऱ्या कुठल्याही छापखान्यात करा. त्या दिवशी मी इथे येऊन पाचवा तारा लावीन.

ज्यांना ही खिडकी पहिल्यांदाच वापरायची आहे त्यांच्यासाठी: सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडी असते, सोमवारी बंद. प्रयोगाच्या दिवशी मात्र बारानंतर परती नाही. यादीतून नंबर लागला की अर्ध्या तासात पैसे भरावे लागतात, नाहीतर खुर्ची पुढच्याला जाते, म्हणून त्या सकाळी फोन जवळ ठेवा. आणि नाव घालताना एकटी खुर्ची चालेल का ते नीट सांगा. परत येणाऱ्या खुर्च्या बहुतेक सुट्या असतात, आणि जोडीच पाहिजे म्हणून लिहून दिलं तर नंबर वर असूनही त्या तुम्हाला सोडून पुढच्याला जातात. आम्ही दोघं आता "सुट्या चालतील" असंच सांगतो, नवरा बाल्कनीत आणि मी खाली.