ओटी, ओटा की आखाडा?

शाळेतून निरोप आला, "ओटी लावून बघा." सासूबाईंनी विचारलं, "कुणाची भरायचीय?" हसून झालं, पण प्रश्न उरलाच. मुलगा साडेपाच वर्षांचा, सीनियर केजीत. पेन्सिल इतकी दाबायचा की टोक मोडायचं. दोन ओळींत हात दुखायचा आणि मग स्वारी बाकावरून घसरत घसरत खाली. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं. खेळात हरला की घर डोक्यावर. तेव्हा मी तीन वाटा चाचपल्या: ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे ओटी (लिहिणं, बटणं लावणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून दिलेला उपचार), घरचा ओटा म्हणजे घरातली कामं आणि खेळ, आणि मल्लखांबाचा वर्ग. आता तो तिसरीत आहे, आणि दर जूनमध्ये सोसायटीतली कुणी ना कुणी आई मला हेच विचारते, म्हणून लिहूनच टाकते.

आधी वयाचं बघा. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढतं, चौथ्याला अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि त्रिकोण. तीन बोटांत पेन्सिल धरणं चार ते सहाच्या दरम्यान कधीतरी जमतं. त्यामुळे चार वर्षांच्या पोराच्या वहीत 'अक्षर सुधारा' असा शेरा असेल, तर सुधारायला हवी ती शाळेची घाई. पण साडेपाचला बटणं, चमचा, कात्री सगळंच अडत असेल तर बघायला हवं.

ओटीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पहिली भेट. आमच्या थेरपिस्ट बाईंनी त्याला टेबलावरची पाच नाणी एकेक करून उचलायला लावली आणि मुठीत साठवायला सांगितली. ते जमलं. मग त्याच हाताच्या बोटांनी एकेक नाणं डब्याच्या फटीत टाकायचं होतं. इथे तो अडला. नाणं तळहातातून बोटांच्या टोकाशी आणायला तो दर वेळी छातीचा आधार घेत होता. मी पाच वर्षं रोज त्याला बघत होते, मला हे कधी दिसलं नव्हतं. दुसरं त्यांनी दाखवलं ते बसणं. पाठ आणि खांदे लवकर थकतात, म्हणून तो बाकावर सांडतो, आणि ती कसर बोटं दाबून भरून काढतो. आम्ही ज्याला मस्ती म्हणत होतो त्यातला निम्मा भाग थकवा होता.

खर्च मात्र दणकून. आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास, शिवाय रिक्षा. आणि सेंटरमधल्या रंगीत झोपाळ्यांना, बॉलच्या हौदाला भुलू नका. त्यांच्यामागची 'सेन्सरी इंटिग्रेशन', म्हणजे झुलणं, स्पर्श अशा अनुभवांतून मेंदूला संवेदना नीट जुळवायला शिकवायचं, ही अमेरिकेतल्या जीन एअर्स यांची 1970 च्या दशकातली मांडणी. तिच्यावर बेतलेल्या उपचारांचे पुरावे मर्यादित आहेत, हे पालकांना सांगा, असं तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली म्हटलं होतं. धडपड्या, हात न वळणाऱ्या मुलांना जे काम अडतंय तेच काम टप्प्याटप्प्याने शिकवणं जास्त लागू पडतं. म्हणून विचारा, "तीन महिन्यांनी याला काय करता येईल?" उत्तर 'बटणं, कात्री' असं आलं तर तिथेच सुरू करा. नुसतंच 'सेन्सरी सुधारेल' असं आलं तर दुसरीकडे बघा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अनेक ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी आणि उपचार मोफत असतात.

ओट्याचं गणित उलटं. फुकट, रोज, आणि हवं तेवढं. कणीक मळणं, मटार सोलणं, शेंगा फोडणं, दोरीवर कपड्यांना चिमटे लावणं, अर्धी बादली पाणी झाडांना नेणं. यात बोटंही आली आणि खांदेही. स्वतःला आवरायला शिकवायचं तर विषामृत आणि 'शिवाजी म्हणतो' यांच्या तोडीचं काही मला सापडलं नाही. 'विष' म्हटलं की पळता पळता जागच्या जागी थिजायचं आणि कुणी 'अमृत' देईपर्यंत हलायचं नाही, हे उतावळ्या पोराला किती कठीण जातं ते बघा. तोटा एकच, हे सगळं आईच्या डोक्यावर येऊन बसतं. आमच्याकडे चिमट्यांचं खातं बाबांकडे दिलं, तेव्हा कुठे ते टिकलं.

मल्लखांबाचं मला कौतुक आहे, थोडं जास्तच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी याला नवं रूप दिलं, हे सांगितल्यावर पोरगं आधी इतिहासासाठी गेलं. एरंडेल लावलेल्या लाकडाला मांड्यांची पकड घालून लटकायचं म्हणजे पोट, पाठ, खांदे, सगळ्यांची हजेरी लागते. आधी सलामी, मग आपली पाळी येईपर्यंत रांगेत गप्प. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरातल्या उदय देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी दिव्यांगांनाही मल्लखांब शिकवला आहे, म्हणजे दार कुणालाच बंद नाही. पण तीस मुलांमागे एक सर असतील तर ज्याला जमत नाही तो रांगेत कायम मागे राहतो. आधी एक दिवस नुसतं बसून वर्ग बघा.

यातलं काहीही निवडलं तरी शाळेशी बोलावं लागतंच. मी दोनच गोष्टी मागितल्या. पाय लोंबकळतात म्हणून बाकाखाली पाट, आणि मस्ती केल्याची शिक्षा म्हणून पीटीचा तास काढून घ्यायचा नाही. पाट लगेच मिळाला.

आता निवडायचं कसं? मूल सहाच्या आतलं, खेळतंय, हळूहळू का होईना शिकतंय, तर तीन महिने ओटा आणि मैदान. सतत पडतं, कपडे-जेवण अडतं किंवा हात वापरायचंच टाळतं, तर ओटी, आणि तीही लवकर. येत असलेलं काही येईनासं झालं तर थेट बालरोगतज्ज्ञ, बाकी सगळं नंतर. मल्लखांब सहानंतर, तेही मुलाला आवडला तर.

आम्ही ओटी चार महिने केली, शेवटी महिन्यातून एकदाच. माझा मुलगा अजूनही बटणं खालून वर लावतो. बाईंनी तसंच शिकवलं होतं, खालचं काज नीट दिसतं म्हणून.