लाल जिन्सेंगचा अर्क : सात महिने, दोन बरण्या आणि तिसरीत नसलेला चमचा

लाल जिन्सेंग या औषधी मुळाच्या अर्काच्या तिसऱ्या बरणीत मापाचा चमचा निघाला नाही, म्हणून हा अनुभव लिहायला बसलो. दक्षिण कोरियातील डेजॉनमध्ये राहायला आल्यापासून जवळच्या गुमसानच्या जिन्सेंग बाजाराचे नाव सतत कानावर पडत होते. पहिली बरणी तिथूनच आणली आणि पुढच्या दोन घरबसल्या मागवल्या. पहिला चमचा भांड्यांच्या गडबडीत हरवला, दुसरा काकवीहून घट्ट अर्कात माझ्याच हातून मोडला. तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने 'घरातला कोणताही छोटा चमचा चालेल' असे कळवले.

चालत नाही. सांगितलेली मात्रा दिवसातून तीनदा एक ग्रॅम आहे आणि चहाच्या चमच्यात, मी काट्यावर तोलून पाहिले, सहा ग्रॅमहून अधिक अर्क बसतो. लेबलनुसार तीन ग्रॅममध्ये आरजी१, आरबी१ आणि आरजी३ या जिन्सेनोसाइडांची, म्हणजे जिन्सेंगमधील क्रियाशील घटकांची, बेरीज १६.५ मिलीग्रॅम भरते. प्रतिकारशक्ती आणि थकवा यांसाठी कोरियन नियमांनी दिवसाला ३ ते ८० मिलीग्रॅमची मर्यादा घातली आहे. विक्रेत्याचा सल्ला तिन्ही वेळा पाळला असता, तर मी शंभरी गाठली असती, आणि ८० दिवसांची बरणी दोन आठवडेही पुरली नसती.

मुळात ही बेरीजच मला खटकते. जिन्सेनोसाइड ही सॅपोनिन या एकाच रासायनिक गटातील संयुगे असली, तरी सगळी एका दिशेने ओढत नाहीत. प्राण्यांवरील प्रयोगांत आरजी१ मज्जासंस्थेला उत्तेजन देणारे, तर आरबी१ शांत करणारे दिसते. २००४ मधील एका संशोधनात पहिल्याने नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना दिली, तर दुसऱ्याने तिला आवर घातला. मीठ आणि साखर एकत्र तोलून आमटीची चव सांगावी, तसे हे झाले. तिसरे, आरजी३, ताज्या मुळात जेमतेम असते. मूळ वाफवून वाळवताना ते वाढते, आणि लाल जिन्सेंग पांढऱ्याहून वेगळे ठरते ते मुख्यतः या वाफेमुळेच.

परिणामाबद्दल माझे मत मध्येच बदलले. पहिल्या महिन्यात दुपारची पेंग गेली, तेव्हा मी ओळखीच्या चौघांना हा अर्क आग्रहाने सुचवला. दुसऱ्या महिन्यात रात्री दोनला जाग येऊ लागली. रात्रीची मात्रा बंद केल्यावर झोप पूर्ववत झाली, पण त्याच सुमारास मी दुपारची कॉफीही सोडली होती, हे नंतर आठवले. त्यामुळे श्रेय कोणाला आणि दोष कोणाला, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. ज्या चौघांना सुचवला, त्यांतील एकालाच फरक जाणवला. याचा राग मी आधी उत्पादनावर काढला, तो अन्यायच म्हणायचा: आरबी१ जसेच्या तसे आतड्यातून फारसे शोषले जात नाही, तेथील जिवाणू त्याचे 'कंपाउंड के' नावाच्या संयुगात रूपांतर करतात, आणि हे काम प्रत्येकाच्या आतड्यात सारखे होत नाही.

साताऱ्याला बाबांसाठी एक बरणी पाठव, असा आईचा आग्रह होता. बाबा वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेतात. निरोगी स्वयंसेवकांना वॉरफरिनबरोबर अमेरिकन जिन्सेंग दिल्यावर त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) खाली आला, म्हणजे औषधाचा रक्त पातळ ठेवणारा परिणाम कमी झाला, असे २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. ती प्रजाती वेगळी असली, तरी जिन्सेनोसाइड दोन्हींत असतात, म्हणून मी पाठवली नाही. मी पैसे वाचवतो आहे, असे आईला वाटले. बरणीची किंमत पाहता तिचा संशय अगदीच निराधार नव्हता.

तिसऱ्या पत्रानंतर विक्रेत्याने अखेर दोन चमचे पाठवले, तेही टपालखर्च माझ्याकडून घेऊन. तोवर दुसऱ्या रिकाम्या बरणीच्या तळाशी चिकटलेला अर्क मी तोलला होता: नऊ ग्रॅम. गरम पाण्याने विसळून, दोन वेळांच्या मात्रेने, तो साडेचार दिवस पुरला.